चौदा रुपये भाडे: गिरगावातल्या आपल्या खोल्यांचा इतिहास

मेळाव्यासाठी सर्वांचे पत्ते गोळा करण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले आणि त्या निमित्ताने शाळेचे जुने जनरल रजिस्टर दोन दिवस माझ्या हाती आले. आपली १९७५ ची बॅच. दहावीला बोर्डाची परीक्षा देणारी पहिली. जुन्या अकरावीची शेवटची मुलेही त्याच वर्षी शाळेतून बाहेर पडली. रजिस्टरात नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय आणि अखेरच्या रकान्यात पत्ता. फणसवाडी, मुगभाट, झावबाची वाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, ठाकुरद्वार, गायवाडी. चिंचपोकळी किंवा परळचा एखादा पत्ता दिसला की तो लांबचा वाटावा इतके आपण सगळे जवळ राहत होतो. मधल्या सुट्टीत घरी जाऊन गरम भात खाऊन परत येणारे आपल्या वर्गात निदान दहा जण तरी होते.

त्याच्या शेजारी मी आजची यादी ठेवली. डोंबिवली, बदलापूर, बोरिवली, विरार, पुणे, नाशिक, दोघे अमेरिकेत, एक ऑस्ट्रेलियात. गिरगावात उरलेले सात. शाळेत आपल्या वेळी इयत्तेला चार तुकड्या होत्या, आता एक तुकडी भरताना शिक्षकांची दमछाक होते. कारण विचारले तर सगळे म्हणतात, इंग्रजी माध्यम. ते खरे आहेच. पण नुसत्या माध्यमाने वाड्या रिकाम्या होत नाहीत. आपण गिरगावात इतकी वर्षे कशाच्या आधारावर राहिलो आणि कशामुळे बाहेर पडलो, याचे उत्तर शोधायचे तर ते आपापल्या घरच्या भाडेपावतीत सापडते. म्हणून हा लेख भाडेपावतीचा आहे.

वाडी, भाट आणि चाळ

आपल्या पत्त्यांतली नावे नुसती मोठ्याने वाचली तरी इथे पूर्वी काय होते ते कळते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, ताडवाडी. वाडी म्हणजे बाग. मुगभाटातला 'भाट' हाही बागायती जमिनीचाच शब्द, कोकण-गोव्याकडे आजही वापरात असलेला. इंग्रजांचे शहर होते ते कोटाच्या आत. गिरगाव म्हणजे कोटाबाहेरच्या नारळी-पोफळीच्या बागा. १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि त्यानंतर वस्ती उत्तरेकडे सरकू लागली. पुढे गिरण्या, रेल्वे, गोदी, सरकारी कचेऱ्या आल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली. बागेच्या मालकाला नारळापेक्षा भाडे जास्त मिळू लागले तेव्हा बागेत चाळ उभी राहिली. वाडीचे नाव मात्र तसेच राहिले.

त्यात मुंबईच्या जमिनीचा आणखी एक पेच होता, फझिंदारी. जमीन एकाची, तिच्यावर बांधलेली इमारत दुसऱ्याची आणि खोलीत राहणारा तिसरा. इमारतीचा मालक जमिनीच्या मालकाला वर्षाचे किरकोळ भाडे देणार, खोलीवाला इमारतीच्या मालकाला महिन्याचे. एकाच वास्तूवर तिघांचा हक्क आणि तिघांपैकी कुणाचाच पुरा नाही, हे गिरगावच्या कितीतरी घरांच्या पायातच होते. पुढचे बरेच घोटाळे समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हवा-उजेड नसलेल्या दाट वस्तीवर तेव्हा पहिल्यांदा सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याचे आखीव भूखंड पाडले. कामगारांसाठी सरकारने १९२० नंतर बीडीडी चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. गिरगावच्या वाट्याला असे काही आले नाही. इथल्या चाळी खासगी मालकांच्या आणि राहणारे बहुतेक कारकून, शिक्षक, छापखान्यात काम करणारे, दुकानांतले गुमास्ते. निर्णयसागर छापखाना काळबादेवीला, मौज खटाववाडीत. आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा खिळे जुळवणारे होते, हे रजिस्टरातल्या व्यवसायाच्या रकान्यात दिसते. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आणि शांतारामाच्या चाळीत टिळकांच्या सभा झाल्या, हे आपल्याला इतिहासाच्या सरांनी शिकवले होतेच. त्या सभांना जमणारे श्रोते कितीतरी भाड्याच्या खोल्यांतून खाली उतरलेले असत. हे सरांनी सांगितले नाही, कारण आम्हाला वेगळे सांगायची गरजच नव्हती.

१ सप्टेंबर १९४०

माझे आजोबा राजापूर तालुक्यातून आले आणि १९३४ साली त्यांनी आमची खोली घेतली. पुढची एक खोली, मागे स्वयंपाकघर, दोन्ही मिळून एकशे ऐंशी चौरस फूट. बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला चार संडास आणि एक नळ. भाडे महिना चौदा रुपये. आजोबा सांगत, त्या काळी चाळींच्या दारावर 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या असत. पसंत नाही पडली तर सामान हातगाडीवर टाकून माणसे पुढच्या वाडीत जात. पागडी हा शब्द त्यांनी खोली घेताना ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाने हे सगळे बदलले. शहरात माणसे वाढली, सिमेंट-लोखंड युद्धाकडे गेले, बांधकाम थांबले. भाडे वाढू नये म्हणून सरकारने कायदे केले. पहिल्या महायुद्धातही, १९१८ साली, असा कायदा झाला होता आणि नंतर तो संपला होता. या वेळी मात्र तसे झाले नाही. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच बहुतेक जुन्या जागांचे 'प्रमाण भाडे' ठरवले आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी व्यवस्था केली. कायदा तात्पुरता होता. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि तो पन्नास वर्षांहून अधिक टिकला. मी पहिलीत गेलो तेव्हा आमचे भाडे चौदा रुपये होते आणि नोकरीला लागलो तेव्हाही मूळ भाडे चौदाच होते.

फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. जागा मिळेना आणि भाडे तर वाढवता येईना. मग जागेची खरी किंमत दुसऱ्या वाटेने बाहेर पडली. तीच पागडी. खोली सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख रक्कम घेई. मालक त्यातला साधारण तिसरा हिस्सा घेऊन नव्या माणसाच्या नावाने पावती फाडून देई. १९४७ च्या कायद्याने पागडी हा गुन्हा ठरवला होता. त्यामुळे कागद काहीच नाही. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघे, नोटा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आणि हाती फक्त चौदा रुपयांची पावती. लाख रुपये देऊन माणूस कायद्याच्या नजरेत भाडेकरूच राही. आपल्याकडे कुणी 'गिरगावात जागा घेतली' असे म्हणत असे तेव्हा त्याने घेतलेले असे ते हे. भिंती मालकाच्या, आणि त्या भिंतींत राहण्याचा हक्क आपला.

हा हक्क वारशाने पुढे जाई. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळे. 'बरोबर राहणारा' हे सिद्ध करायचे ते रेशनकार्डावरून. म्हणून आपल्या घरांत रेशनकार्डावरून नाव कमी करायला माणसे इतकी नाखूष असत. लग्न होऊन ठाण्याला गेलेल्या काकाचे नाव वीस वर्षे गिरगावच्या कार्डावर असे आणि त्याच्या वाटची साखर आजी बिनदिक्कत आणत असे. १९७३ साली आणखी एक दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला 'लीव्ह अँड लायसन्स'वर जे राहत होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांच्याकडे रिकामी जागा होती ते ती कुलूप लावून ठेवू लागले. देण्यापेक्षा बंद बरी. जागेची टंचाई असलेल्या शहरात बंद दारे वाढली.

ओनरशिपचा ब्लॉक

मालकीचे घर म्हणजे काय हे गिरगावला माहीत नव्हते असे नाही. चालत दहा मिनिटांवर गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. सहकारी गृहनिर्माणाची देशातली ती अगदी सुरुवातीची संस्था आणि रावबहादूर तालमकी तिचे प्रणेते. पन्नास रुपये पगाराच्या कारकुनांनी एकत्र येऊन घर उभारायचे, ही कल्पना आपल्या अंगणाशेजारीच रुजली होती. १९६० मध्ये सहकारी संस्थांचा कायदा झाला आणि १९६३ मध्ये ओनरशिप फ्लॅटचा. बिल्डरने लेखी करार करावा, सोसायटी स्थापन करावी, जमिनीसह इमारत तिच्या नावे करून द्यावी, अशी बंधने त्यात घातली. त्यानंतर 'ओनरशिपचा ब्लॉक' हा शब्द आपल्या आईवडिलांच्या बोलण्यात आला. ब्लॉक म्हणजे ज्याचा संडास आणि नळ घराच्या आत असतो ते घर.

१९६८ मध्ये अण्णांच्या कचेरीतल्या लोकांनी बोरिवलीला सोसायटी काढली. ब्लॉकची किंमत अठरा हजार, निम्मे कर्ज कचेरी देणार. अण्णा एका रविवारी आईला घेऊन जागा पाहायला गेले. स्टेशनपासून अर्धा तास चिखल तुडवून परत आले आणि म्हणाले, "चौदा रुपयांत चर्नी रोड मिळतंय. अठरा हजार घालून रानात कोण जाणार? मुलांची शाळा काय?" त्या वेळी मी तिसरीत होतो. अण्णांना मी पुढे अनेकदा दोष दिला. आज हिशोब पाहतो तेव्हा त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. स्वस्त भाड्याने त्यांना वाचवले आणि त्याच स्वस्त भाड्याने त्यांना बांधूनही ठेवले. आपल्यातल्या बहुतेकांच्या वडिलांनी हाच निर्णय घेतला असणार, नाहीतर १९७५ च्या रजिस्टरात ते पत्ते दिसले नसते. आपली शाळा चार तुकड्यांनी भरलेली होती ती या न बदललेल्या पत्त्यांमुळे.

अडचण आली ती आपली लग्ने ठरू लागली तेव्हा. एकशे ऐंशी फुटांत आईवडील, दोन भाऊ, एक बहीण इथवर जमले होते. गॅलरीत झोपायचे, आणि अभ्यास शाळेत. परीक्षेच्या दिवसांत सर रात्री दहापर्यंत वर्ग उघडे ठेवत आणि स्वतः कोपऱ्यात वही तपासत बसत. ते सर आज मेळाव्याला येणार आहेत. त्यांनी दिवे चालू ठेवले नसते तर आमच्यातल्या निम्म्यांचा अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली झाला असता. पण सून घरात आणायची तर शाळेचा वर्ग उपयोगाचा नव्हता. थोरले मुलगे पुढे निघाले, डोंबिवली, मुलुंड, बोरिवली. मीही १९८६ मध्ये कचेरीचे कर्ज काढून डोंबिवलीला ब्लॉक घेतला. अण्णांनी रान म्हणून सोडलेले बोरिवली तोवर माझ्या आवाक्याबाहेर गेले होते.

टेकू

इकडे चाळी म्हाताऱ्या होत होत्या. आमच्या चाळीत अठ्ठेचाळीस खोल्या. सरासरी चौदा रुपये धरले तर मालकाला महिन्याला ६७२ रुपये मिळत. त्यात पालिकेचा कर, झाडूवाला आणि जिन्याची डागडुजी. एक तुळई बदलायची तर वर्षाचे भाडे जाई. आपण लहानपणी मालकाला कंजूस म्हणत असू. आमच्या मालकीणबाई विधवा होत्या आणि तळमजल्यावर आमच्याएवढ्याच खोलीत राहत. त्यांचे उत्पन्न वाढे ते फक्त एखादी खोली पागडीने हातबदल झाली तर. म्हणजे मालकाचे हित भाडेकरू बदलण्यात, भाडेकरूचे हित न बदलण्यात आणि इमारतीचे हित पाहणारा कुणीच नाही.

पावसाळ्यात चाळी कोसळून माणसे मरू लागली तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. बेटावरच्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करायची असे ठरले. सुरुवातीला अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या आणि त्यांतल्या बहुतेक १९४० पूर्वीच्या. १९७७ मध्ये हे मंडळ म्हाडात सामील झाले. दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा होती. त्यापलीकडे गेले की इमारत पाडून नवी बांधायची आणि तोवर लोकांनी संक्रमण शिबिरात जायचे. शीव, विक्रोळी, गोरेगाव, मानखुर्द. काही वर्षांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे तिथे एक पिढी राहिली. आपल्या वर्गातल्या दोघांनी शिबिरातूनच मुलांची लग्ने केली. दर वर्षी जूनच्या आधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते ती अजूनही आपण आपल्या वाडीचे नाव शोधत वाचतो. आमच्या गॅलरीला १९८९ मध्ये लाकडी टेकू लागले. ते तात्पुरते होते. चाळ पडेपर्यंत राहिले. मुले त्यांना स्टंप समजून क्रिकेट खेळत.

१९८६ मध्ये म्हाडाच्या कायद्यात एक प्रकरण घालण्यात आले. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला देऊ शकेल आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळेल. आमच्या चाळीचा हिशोब केला तर अठ्ठेचाळीस खोल्यांचे होतात ६७,२०० रुपये. मालकांची संघटना न्यायालयात गेली, १९९२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले, आणि मोठ्या घटनापीठाने त्यातल्या मूळ प्रश्नाचे उत्तर दिले ते ५ नोव्हेंबर २०२४ रोजी. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले. राज्यघटनेचा अर्थ लावणारा हा देशभर गाजलेला खटला मुळात आपल्या चाळींसारख्या चाळींवरून सुरू झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मधल्या काळात भाडे कायदाही बदलला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४० चे गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही असे म्हटले. नवा कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीला मान्यता दिली. चार टक्क्यांनी चौदा रुपयांचे पंचवीस वर्षांनी सदतीस होतात. पन्नास वर्षे गुन्हा असलेली गोष्ट एका दिवसात रीतसर व्यवहार झाली.

पावतीवरचे नाव

चाळींचे टॉवर झाले ते १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या कलमामुळे. सत्तर टक्के भाडेकरूंची संमती घ्यायची, सर्व भाडेकरूंना नव्या इमारतीत मोफत मालकीची घरे द्यायची आणि त्या बदल्यात विकासकाने वाढीव चटईक्षेत्र बाजारात विकायचे. किमान क्षेत्र आधी २२५ चौरस फूट होते, पुढे ३०० झाले. मुंबईच्या जागेच्या इतिहासातली ही मोठी उलथापालथ होती. ज्या पावतीची किंमत महिना चौदा रुपये, तिच्या बदल्यात मालकीचे घर. आणि ते मिळणार कुणाला, तर पावतीवर ज्याचे नाव आहे त्याला.

आता मला माझ्याच घरची गोष्ट सांगितली पाहिजे. अण्णा १९९१ मध्ये गेले. तेराव्यानंतर मालकीणबाईंचा मेहता पावती कुणाच्या नावाने करायची म्हणून विचारायला आला. आईने माझ्याकडे पाहिले, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. थोरला मुलगा. मी डोंबिवलीला जाऊन पाच वर्षे झाली होती, पण रेशनकार्डावर माझे नाव होतेच. मी सही केली. कायद्याने तो हक्क अण्णांबरोबर त्या खोलीत राहणाऱ्यांचा होता, म्हणजे आईचा आणि माझ्या धाकट्या बहिणीचा. ती याच शाळेची, १९७८ ची बॅच. तिने लग्न केले नाही. आईचे दुखणे काढले, २००४ मध्ये आई गेल्यावर एकटी राहिली. ती पावती चुकीच्या नावाने आहे हे कुणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो.

२०११ मध्ये विकासकाने भाडेकरूंची यादी लावली. त्यात माझे नाव होते. एका दलालाने मला सांगितले की तीनशे फुटांचे ते घर पुढे कोटीच्या पुढे जाईल. मुलगा म्हणाला, "बाबा, कागद आपल्या नावावर आहे, आत्याला आपण सांभाळूच." मी दोन महिने काहीच बोललो नाही. या दोन महिन्यांची मला आजही लाज वाटते. मग विकासकाने मूळ पावत्या मागितल्या आणि बहीण बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन डोंबिवलीला आली. "दादा, तुझं नाव आहे, तू म्हणशील तसं," एवढेच म्हणाली. रात्री मी डबा उघडला. वीस वर्षांच्या दोनशे चाळीस पावत्या, महिन्याच्या क्रमाने, दोऱ्याने बांधलेल्या. प्रत्येकीवर माझे नाव आणि प्रत्येक महिन्याचे भाडे तिने भरलेले. मी एकदाही भरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून धावपळ केली. प्रतिज्ञापत्र, धाकट्या भावाची ना हरकत, तिचे विजेचे बिल, मतदार यादी, आणि शाळेचा दाखला, कारण तिचा लहानपणापासूनचा पत्ता सांगणारा सर्वांत जुना कागद तोच होता. तो आपल्या ऑफिसने एका दिवसात काढून दिला. तोवर मालकीणबाईही गेल्या होत्या. त्यांच्या पुतण्याने नाव बदलायचे पैसे मागितले ते मी दिले. करारावर तिची सही झाली.

२०१३ मध्ये चाळ रिकामी झाली. तीन वर्षांत घर देतो म्हणाले होते, लागली नऊ. चौथ्या वर्षी पर्यायी जागेच्या भाड्याचे धनादेश थांबले. बहीण नालासोपाऱ्याला भाड्याने राहत होती, तिथून आमच्याकडे आली. २०२२ मध्ये किल्ली मिळाली. चौदावा मजला, संडास घरात, चोवीस तास पाणी. विकलेल्या घरांची लिफ्ट वेगळी आणि आमच्या लोकांची वेगळी. महिन्याचा मेंटेनन्स ४,२०० रुपये, म्हणजे एका महिन्यात जुने पंचवीस वर्षांचे भाडे. तिच्या पेन्शनचा मोठा भाग त्यात जातो. तिच्या मजल्यावर आठ घरे आहेत आणि जुन्या चाळीतली फक्त तीन. बाकीच्यांनी विकून उपनगर गाठले. त्यांना नावे ठेवायचे कारण नाही, मेंटेनन्स आणि मुलांची शिक्षणे दोन्ही भागवायची होती. आता गिरगावात जागा खरेदी करणारे लोक नवे आहेत. त्यांची मुले आपल्या शाळेत येत नाहीत.

शेवटी एक विनंती

मित्रमैत्रिणींनो, हा इतिहास पुस्तकांत तुकड्यातुकड्याने आहे, कायद्यांत आहे, निकालपत्रांत आहे. पण घरात प्रत्यक्ष काय घडले ते पावतीच्या मागे लिहिलेले असते. कुणाच्या नावाने पावती होती, ती कुणाच्या नावाने गेली, बहिणींनी सह्या कशा आणि का दिल्या, पागडी किती घेतली किंवा दिली, चाळ पडली तेव्हा कोण कुठे गेले. आपल्या पिढीनंतर हे सांगणारे कुणी राहणार नाही. आपल्या मुलांनी भाडेपावती पाहिलेलीही नाही.

शाळेने ग्रंथालयात एक कपाट द्यायचे कबूल केले आहे. मेळाव्याच्या दिवशी दारातच उजव्या हाताला एक टेबल असेल. येताना आपल्या घरची एक तरी जुनी भाडेपावती, किंवा तिची झेरॉक्स, घेऊन या. सोबत वाडीचे नाव, खोलीचा नंबर आणि दोन-चार ओळींत हकिकत लिहा. पावती नसेल तर नुसती हकिकत चालेल. ज्यांच्या घरात नावावरून वाद झाले आणि बोलणे बंद आहे, त्यांनीही लिहावे. नावे उघड करणार नाही.

टेबलावर नोंद घ्यायला माझी बहीण बसणार आहे. तो बिस्किटांचा डबा ती घेऊन येईल. पहिल्या दोनशे चाळीस पावत्या आमच्या.